शिबिरात अन्ननलिका तपासता येते का?

प्रश्न : माझे सासरे गेल्या वर्षी अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले. आम्ही वसईच्या पश्चिमेला गावात राहतो, घरची थोडी वाडी आहे. तांदळाची भाकरी आणि सुकट असल्याशिवाय आबांना जेवल्यासारखं वाटायचं नाही. आधी ते भाकरी कालवणात भिजवून खाऊ लागले, मग नुसता मऊ भात, मग पेज. आम्ही म्हटलं वय झालं, कवळी नीट बसत नसेल. छातीत अडकतंय म्हणाले की पित्ताची गोळी द्यायची. दुर्बीण घातली तोवर पाणीही उतरेनासं झालं होतं. वर्षश्राद्धाला जेवणावळ न घालता गावात कॅन्सर तपासणी शिबिर घ्यावं असं आता घरात चाललंय. अशा शिबिरात हा कॅन्सर सापडेल का? आणि आम्हाला तो इतका उशिरा का कळला?
(एक वाचक, वसई)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे, आणि ते आडवळणाने देण्यात अर्थ नाही. तोंडात बॅटरी मारली की गालाच्या आतला पांढरा चट्टा दिसतो, स्तनातली गाठ हाताला लागते, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी पडदा लावून करता येते. सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही तिशीपुढच्या लोकांसाठी याच तीन कॅन्सरची तपासणी ठेवली आहे. अन्ननलिका असते छातीच्या हाडामागे, श्वासनलिका आणि पाठीचा कणा यांच्या मध्ये. तिथे ना हात पोचत, ना बॅटरीचा उजेड. तोंडावाटे दुर्बीण घालून आतून बघायचं आणि शंका आली तर तुकडा काढून तपासायचा, एवढाच भरवशाचा मार्ग आहे.

रक्ताच्या पॅकेजबद्दलही सावध करतो. शिबिर म्हटलं की कुणी ना कुणी लॅबवाला ‘कॅन्सर मार्कर’सकट स्वस्तातलं पॅकेज घेऊन हजर होतो. हा रोग वेळेत पकडायला त्या आकड्यांचा उपयोग नाही. उलट नुकसानच व्हायचं. ज्याचा महिनाभर घास अडकतोय, तो माणूस ‘नॉर्मल’ असा छापील कागद खिशात घालून घरी जाईल आणि आणखी तीन महिने पेज पीत राहील. शिबिर घ्यायचंच असेल तर तोंडाच्या तपासणीसाठी जरूर घ्या, तंबाखू मळणाऱ्यांची आपल्या भागात वाण नाही. मात्र बॅनरवर ‘सर्व प्रकारच्या कॅन्सरची तपासणी’ असं कुणाला लिहू देऊ नका.

आता उशिरा का कळलं ते. मोठ्या माणसाची अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. ती कडक नळी नाही, स्नायूंची आहे. घास आला की फुगते, गेला की मिटते. एका बाजूने गाठ वाढू लागली तरी दुसरी बाजू ताणून ती घासाला वाट देत राहते. आतली पोकळी १३ मिलिमीटरच्या आसपास आली की मग घट्ट घास अडकू लागतो, म्हणजे तोवर बरीच वाट बुजलेली असते. सुरुवातीला दुखत तर नाहीच. शिवाय पोटाला, आतड्यांना बाहेरून जे पातळ आवरण असतं ते अन्ननलिकेला जवळजवळ नाही, आणि तिच्या भिंतीत लसीकावाहिन्यांचं जाळं दाट असतं. त्यामुळे रोग शेजारच्या गाठींमध्ये लवकर शिरतो. हा शरीराच्या रचनेचा भाग झाला. त्याबद्दल घरातल्या कुणी स्वतःला बोल लावून घेऊ नये.

उरलेला भाग ताटात घडतो, आणि तो तुम्ही पत्रात कुठल्याही डॉक्टरी पुस्तकाइतका अचूक लिहिला आहे : आधी भाकरी सुटली, मग भात मऊ झाला, मग पेज. घट्ट, मऊ, पातळ हाच या रोगाचा क्रम. यात आबांनी काही लपवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी जुळवून घेतलं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे जेवताना कुरकुर करणं वाईट समजलं जातं, त्यातून वय झालेला माणूस तर सुनेपुढे ‘मला गिळता येत नाही’ असं म्हणायलाही संकोचतो. मग तो भाकरी बुडवून खातो, प्रत्येक घासावर पाण्याचा घोट घेतो, सगळ्यांचं आटोपलं तरी पानावर बसून राहतो आणि लग्नाच्या पंगतीला जायचं टाळतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं, हलकं खातात.

त्यात पित्ताची गोळी. आम्लता कमी करणाऱ्या गोळ्यांनी जळजळ थांबते आणि ‘गुण आला’ असं वाटतं. कधी कधी तर रोगाने झालेल्या व्रणाची वरची लाली उतरून तो थोडा बराही दिसू लागतो. गोळी वाईट असं नव्हे. पण घास अडकतो या तक्रारीवर, दुर्बीण न करता, महिनोन्‌महिने गोळी चालू ठेवणं चूक आहे. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत तर कोणत्याही वयाच्या माणसाने घास अडकतो असं सांगितलं की तातडीने दुर्बीण तपासणी करावी असं स्पष्ट लिहिलं आहे. तिथे वयाची अट नाही, आणि ‘आधी पंधरा दिवस गोळ्या घेऊन बघा’ असंही नाही.

आता शिबिराऐवजी काय करता येईल ते.

प्रियजन गेल्यावर काहीतरी करावंसं वाटणं नवं नाही. विरार लोकल पकडून दादरला उतरायचं आणि परळला ज्या ‘टाटाला’ आपण माणूस नेतो, ते रुग्णालयही अशाच दुःखातून उभं राहिलं. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांनी या रोगाच्या उपचारांची सोय हिंदुस्थानात व्हावी असा ध्यास घेतला, पण पुढच्याच वर्षी तेही गेले. रुग्णालय उघडलं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयालाही १९८१ साली स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेलेल्या नर्गिस दत्त यांचं नाव आहे. तुम्हाला सांगायचं आहे ते या बार्शीचंच.

१९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास गावांत माणसं फिरत. काम रुग्णांची नोंद करण्याचं. पण नुसतं नाव-गाव लिहून न घेता ती लोकांना रोगाची लक्षणं सांगत आणि कुणाला शंका असेल तर रुग्णालयात आणत. काही वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या होत्या. हा अभ्यास १९९५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. तिथे कुठलं नवं यंत्र आलं नव्हतं. कुणीतरी दारात येऊन नेमकं काय झालं की दवाखाना गाठायचा ते सांगितलं, एवढंच. गर्भाशयमुख आणि अन्ननलिका एक नव्हे हे मान्य. अन्ननलिकेचा रोग चलाख जास्त. तरीही, रोग अन्ननलिकेपुरता असताना कळला तर अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे जवळपास निम्मे रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर कळला तर शंभरातले पाच-सहा. या दोन आकड्यांमधलं अंतर बरेचदा काही महिन्यांचं असतं.

म्हणून माझं सांगणं असं की आबांच्या वर्षश्राद्धाला माणसं जमणारच आहेत, तर त्यांना आबांच्या जेवणाची ही गोष्ट सांगा. डॉक्टरांचं भाषण आणि स्लाइड शो नंतर. आधी तुम्ही बोला, कारण वाढणारी बाई बोलली की वाढणाऱ्या बायका ऐकतात. घरात कोणी भाकरी सोडली, कोण पाण्याच्या घोटाने घास ढकलतं, कोणाचे कपडे अचानक ढगळ झाले, हे डॉक्टरच्या आधी स्वयंपाकघराला कळतं. सांगायचं एवढंच : दोन आठवडे घास अडकत असेल तर जेवण मऊ करत बसू नका, दुर्बीण करून घ्या. सोबत आवाज बसणं, खाल्लेलं तसंच वर येणं, पाणी पिताना ठसका लागणं, काळी शौच, वजन उतरणं यांतलं काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. गावातल्या औषधांच्या दुकानदाराशीही बोला. तीच ती पित्ताची बाटली दर आठवड्याला नेणारा गिऱ्हाईक त्याला तोंडओळखीने माहीत असतो. ‘गिळायला त्रास होतो का?’ एवढं त्याने विचारलं तरी कितीतरी काम होईल.

हेही सांगा की अडकणं म्हणजे कॅन्सरच असं नाही. आम्लाने जखम होऊन नळी आवळते, नळीच्या खालच्या तोंडाचा स्नायू सैल पडेनासा होतो, अशी इतर कारणंही सापडतात आणि त्यांवर उपाय आहेत. ‘टाटाला नेलं म्हणजे संपलं’ या धास्तीने लोक दिवस ढकलतात. निदान झालंच तरी उपचार आहेत. आधी केमोथेरपी, काहींना सोबत रेडिएशन, मग शस्त्रक्रिया करून रोगट भाग काढायचा आणि जठराचीच नळी करून वर जोडायची, ही आजची रुळलेली पद्धत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. काय बसतं, काय नाही, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावं. रोग फार पुढे गेला असेल तर जाळीची नळी बसवून निदान पातळ अन्न उतरेल असं करता येतं. वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली सुरू केलेलं शांती अवेदना सदन अशा रुग्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा करतं. अशा रुग्णांसाठीचं देशातलं ते पहिलं शुश्रूषागृह, आणि आपल्यापासून एका लोकलच्या अंतरावर.

आणखी एक. तोंडाच्या कॅन्सरला महाराष्ट्रात चेहरा मिळाला. आर. आर. पाटील २०१५ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा गावोगाव तंबाखूची चर्चा झाली, शरद पवार तर स्वतःच्या आजाराबद्दल आजही जाहीर बोलतात. अन्ननलिकेच्या वाट्याला हे आलं नाही. निळू फुले १३ जुलै २००९ रोजी पुण्यात गेले ते याच रोगाने. त्यांचे संवाद आपल्याला पाठ आहेत, आजाराचं नाव फारसं कुणाला आठवत नाही. जगभरात २०२२ मध्ये या रोगाचे अंदाजे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि ४ लाख ४५ हजार मृत्यू झाले. दोन आकडे किती जवळ आहेत बघा. भारतातले नवे रुग्ण त्यात ७० हजारांच्या घरात.

प्रश्न : माझ्या आईला हाच कॅन्सर झाला. तिला कसलंच व्यसन नव्हतं. दारू नाही, तंबाखू नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मशेरी लावायची. मग तिला का व्हावा? आम्हा मुलांना धोका आहे का?
(एक वाचक, आगाशी)

उत्तर : मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तुमच्या आईचा यात काही दोष नाही, कारण आपल्या घरांत मशेरीला कधी कुणी व्यसन म्हटलंच नाही. ते दात घासणं होतं. दिवसातून दोनदा हिरड्यांना लावलेल्या तंबाखूचा रस थोडाफार गिळला जातोच आणि तो उतरतो अन्ननलिकेतून. तंबाखू आणि घसा-अन्ननलिकेच्या कॅन्सरचा संबंध आपल्याला परदेशातून कळलेला नाही. परळच्या टाटा रुग्णालयातल्या संघवी, राव आणि खानोलकर यांनी विडी ओढणाऱ्यांचा आणि तंबाखू खाणाऱ्यांचा अभ्यास १९५५ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला होता. त्याला सत्तर वर्षं झाली. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, म्हणून टपरीवर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळते. ज्याला खायचं तो दोन्ही एकत्र करतो.

तंबाखू नसलेलं पानही निर्धोक नाही. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक ठरली आहे. वसई-आगाशीच्या पानमळ्यांना मात्र यात आरोपी करू नका, नागवेलीच्या पानाचा हा गुन्हा नव्हे. दारूचंही तसंच, देशी, विलायती, वाइन की ताडी हा भेद शरीर करत नाही, ते मोजतं अल्कोहोल. तंबाखू आणि दारू एकत्र आली की धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो.

पण तंबाखू, सुपारी, दारू यांतलं काहीच नसतानाही हा रोग होतो, हेही खरं. वर्षानुवर्षं लोहाची कमतरता असलेल्या बायकांमध्ये घशाच्या खालच्या भागात पडदा धरतो आणि तिथे पुढे कॅन्सर होण्याची शक्यता वाढते. बाईचं रक्त कमी आहे आणि तिला गिळायला त्रास होतो, अशा दोन तक्रारी एकत्र आल्या तर त्या वेगवेगळ्या समजू नयेत. दुसरा प्रकार आम्लाचा. जठरातलं आम्ल अनेक वर्षं वर येत राहिलं, त्यातून माणूस स्थूल असेल, तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तर बदलतं आणि काहींमध्ये त्याच जागी कॅन्सर होतो. पाश्चात्त्य देशांत आता हाच प्रकार जास्त दिसतो. आपल्याकडे अजून तंबाखूशी जोडलेला प्रकार बहुसंख्य आहे, पण आपली पोटं ज्या वेगाने सुटताहेत ते बघता दुसऱ्यालाही विसरून चालणार नाही. ब्रिटनमध्ये अशा जुनाट आम्लवाल्यांसाठी दोऱ्याला बांधलेली एक कॅप्सूल गिळायला देतात. पोटात गेल्यावर तिच्यातला स्पंज उघडतो आणि वर ओढताना पेशी खरवडून आणतो. आपल्याकडे ही सोय अजून रुळलेली नाही.

आनुवंशिक म्हणावा असा प्रकार फार दुर्मीळ आहे. तळहात-तळपायांची कातडी जाड होण्याचा एक विकार घराण्यात चालत येतो, त्या घराण्यांत हा कॅन्सरही दिसतो. तुमच्याकडे तसं काही नसेल तर निव्वळ आईला झाला म्हणून दरवर्षी दुर्बीण करत बसू नका. घरात कुणाकडे मशेरीचा डबा अजून असेल तर तो बंद करा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : सकाळची गाडी पकडायची म्हणून मी उकळता चहा दोन घोटांत संपवतो. बायको म्हणते याने घशाचा कॅन्सर होतो. खरं का?
(एक वाचक, नालासोपारा)

उत्तर : वहिनी बऱ्याच अंशी बरोबर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सियसपेक्षा गरम पेयांना ‘बहुधा कॅन्सरकारक’ या गटात टाकलं, आणि तेही अन्ननलिकेच्याच संदर्भात. चहा किंवा कॉफी दोषी नाही, दोष तापमानाचा. इराणच्या गुलिस्तान प्रांतात ५० हजार लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. तिथे दिवसाला ७०० मिलिलिटरहून जास्त चहा ६० अंशांवर पिणाऱ्यांना, कमी आणि कोमट पिणाऱ्यांच्या तुलनेत, या रोगाचा धोका जवळपास ९० टक्क्यांनी जास्त आढळला. काश्मीरमध्येही हा कॅन्सर फार, आणि तिथल्या गरम नून चहाकडे संशयाने पाहिलं जातं. वाचून विडी ओढत ओढत चहा गार करायला ठेवाल तर मात्र उपयोग शून्य. तंबाखूपुढे चहाचा गुन्हा लहान आहे. कप हातात घेऊन चार-पाच मिनिटं थांबा. तेवढ्यासाठी गाडी चुकणार असेल तर चहा अर्धा सोडा.

प्रश्न : वडिलांना डॉक्टरांनी दुर्बीण सांगितली आहे. पण तुकडा काढला की कॅन्सर सगळीकडे पसरतो असं नातेवाईक म्हणतात. ते घाबरून तयार होत नाहीत.
(एक वाचक, विरार)

उत्तर : तुकडा काढल्याने हा रोग पसरत नाही. नातेवाइकांनी ज्यांना पाहिलं असेल त्यांचा रोग तपासणीच्या आधीच पसरलेला होता, कळला तो तपासणीनंतर, म्हणून तसं वाटतं. उलट तुकड्याच्या अहवालाशिवाय कुठलाच कॅन्सर तज्ज्ञ उपचार सुरू करणार नाही, तेव्हा तो टाळून मिळतं ते फक्त आणखी वजन गमावणं.

वडिलांना भीती बहुधा नळीची असेल. त्यांना नीट सांगा. आदल्या रात्री हलकं जेवायचं, नंतर निदान सहा तास काही खायचं नाही. घशात बधिरतेचा फवारा मारतात, हवं असेल तर झोपेचं इंजेक्शनही देतात. डाव्या कुशीवर झोपवून करंगळीएवढी नळी घालतात आणि पाच-दहा मिनिटांत आटोपतं. तुकडा घेतलेला कळतही नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. सकाळची वेळ मागून घ्या, म्हणजे उपाशी राहणं रात्रीच्या झोपेत निघून जातं. इंजेक्शन घेतलं तर त्या दिवशी स्कूटर चालवू देऊ नका, सोबत कुणीतरी असू द्या. घशाची बधिरता उतरेपर्यंत चहा-पाणी देऊ नका, ठसका लागतो. तुकड्याचा अहवाल यायला काही दिवस लागतात. तो आणायला वडिलांना एकटं पाठवू नका, आणि काचेच्या पट्ट्या व मेणातला नमुना परत मागून ठेवा, पुढच्या रुग्णालयात तेच आधी मागतात.